टेरिटरीच्या काळातल्या कुस्तीविजेत्याची कारकीर्द कशी नोंदवायची, तारखा कशा तपासायच्या

अमेरिकी पैलवान हार्ली रेस एनडब्ल्यूए या कुस्ती संघटनेचा जागतिक हेवीवेट विजेता किती वेळा झाला? एक यादी ७ सांगते, दुसरी ८. दोन्ही याद्या करणाऱ्यांनी आपापल्या परीने नीट काम केलेलं असतं. फरक पडतो तो मार्च १९८४ मधल्या एकाच सामन्याने. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रेसने तेव्हाचा विजेता रिक फ्लेअर याला हरवलं, लगेच सिंगापूरला फ्लेअरने किताब परत घेतला, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकांना त्या वेळी याचा पत्ताच लागू दिला नाही. मग रेसची ती कारकीर्द, म्हणजे किताब त्याच्याकडे असलेला काळ, धरायची की नाही? धरली तर फ्लेअरची एक कारकीर्द मधून तुटते आणि त्याचाही आकडा बदलतो. प्रादेशिक प्रमोशनच्या (टेरिटरीच्या) काळातली, म्हणजे साधारण १९४८ ते १९८८ मधली विजेतेपदं नोंदवायला बसलात की असे पेच सतत येतात. ते कसे सोडवायचे आणि न सुटणारे कसे लिहून ठेवायचे, ते इथे सांगितलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. जुलै १९४८ मध्ये आयोवातल्या वॉटर्लू गावी काही प्रमोटर, म्हणजे कुस्तीचे खेळ भरवणारे, एकत्र आले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए, उभी राहिली. प्रत्येक प्रमोटरचा मुलूख ठरलेला होता: टोरोंटो फ्रँक टनीचं, फ्लोरिडा पुढे एडी ग्रॅहमचं, ह्यूस्टन पॉल बोशचं. एकाने दुसऱ्याच्या मुलखात खेळ लावायचा नाही. विजेता मात्र सगळ्यांचा मिळून एक. तो या मुलखातून त्या मुलखात फिरे आणि तिथल्या स्थानिक पैलवानाशी लढे. सेंट लुईसचे सॅम मचनिक बरीच वर्षं संघटनेचे अध्यक्ष होते आणि विजेत्याच्या तारखा तेच वाटत. निकाल आधी ठरलेले असत, ही नूरा कुस्ती होती, हे धरूनच चालायचं. पण सामना कुठे झाला, कोणत्या रात्री झाला, पट्टा कुणाकडे द्यायचं प्रमोटरांनी ठरवलं आणि इतरांनी ते मानलं का, या गोष्टी खऱ्या घडलेल्या आहेत. नोंद त्यांचीच करायची.

एक फरक मराठी वाचकांनी आधीच मनात पक्का करावा. महाराष्ट्र केसरीची गदा मिळाली की तो मल्ल कायमचा केसरी. पुढच्या वर्षी दुसरा केसरी झाला म्हणून पहिल्याचा किताब गेला असं कुणी म्हणत नाही. इथे पट्टा एकाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर जातो, म्हणून कारकिर्दीला सुरुवात असते आणि शेवटही असतो. दोन्हींचा पुरावा वेगवेगळा शोधावा लागतो.

तक्ता आखताना

एक्सेल किंवा कुठलीही स्प्रेडशीट चालेल. रकाने असे ठेवा: क्रमांक, विजेता, कुणाकडून जिंकला, तारीख, वार, गाव, सभागृह, प्रमोटर, सामन्याचा प्रकार (एक फॉल, म्हणजे एकदाच चितपट किंवा शरणागती, की तीनपैकी दोन), निकाल कसा लागला, त्या वेळची मान्यता, नंतरची मान्यता, पुरावा, पुराव्याचा दर्जा. चौदा रकाने जास्त वाटतील. पण त्यातला 'सामन्याचा प्रकार' हा रकाना गाळला तर १९६३ मधली फूट कळणार नाही, आणि मान्यतेचे दोन रकाने एकत्र केले तर १९८४ चा घोळ जसाच्या तसा राहील.

जिथे माहिती नाही तिथे रकाना रिकामा ठेवा. "बहुधा सिव्हिक ऑडिटोरियम" असं भरलं की सहा महिन्यांनी तुम्हालाच ते "बहुधा" दिसेनासं होतं, आणि दुसरा कुणी तुमची यादी उतरवून घेताना ते हमखास गाळतो.

तारीख टाकताना सर्वांत जास्त चुका होतात त्या अमेरिकी पद्धतीमुळे. ते लोक महिना आधी लिहितात. केरी व्हॉन एरिकने फ्लेअरला हरवलं ते ६ मे १९८४ रोजी, पण अमेरिकी यादीत ते ५/६/८४ असं दिसतं. तुमच्या संगणकाची मांडणी भारतीय असेल तर शीट त्याचा बिनतक्रार ५ जून करून टाकेल. दिवसाचा आकडा १२ च्या वर असेल तर शीट अडखळते आणि चूक लक्षात येते, १२ किंवा त्याखाली असेल तर येत नाही. म्हणून महिना नेहमी अक्षरांत टाका.

वाराची चाळणी

हाताशी कुठलंही वर्तमानपत्र नसताना तारीख तपासायची ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी युक्ती. मुलखातल्या प्रत्येक मोठ्या गावाचा आठवड्याचा वार ठरलेला असे, कारण सभागृह त्या वारी भाड्याने घेतलेलं असे आणि प्रेक्षकांनाही तीच सवय लागलेली असे. सेंट लुईस शुक्रवारी, ह्यूस्टनही शुक्रवारी, टॅम्पा मंगळवारी, मायामी बीच बुधवारी, कॅन्सस राज्यातलं कॅन्सस सिटी गुरुवारी, मेम्फिस सोमवारी.

आता एनडब्ल्यूएच्या तारखा या चाळणीतून काढा. डोरी फंक ज्युनियरने जीन किनिस्कीकडून किताब घेतला टॅम्पाला, ११ फेब्रुवारी १९६९: मंगळवार. रेसने डोरी फंककडून घेतला कॅन्सस सिटीला, २४ मे १९७३: गुरुवार. जॅक ब्रिस्कोने रेसकडून ह्यूस्टनला, २० जुलै १९७३: शुक्रवार. टेरी फंकने ब्रिस्कोकडून मायामी बीचला, १० डिसेंबर १९७५: बुधवार. डस्टी ऱ्होड्सने रेसकडून टॅम्पाला, २१ ऑगस्ट १९७९: पुन्हा मंगळवार. पाचही तारखा गावाच्या वारात चपखल बसतात.

चाळणी वापरताना दोन गोष्टी सांभाळा. वार त्या त्या काळापुरता असतो. रेसने टेरी फंकला टोरोंटोत हरवलं ६ फेब्रुवारी १९७७ ला, रविवारी, कारण तेव्हा मेपल लीफ गार्डन्समधले खेळ रविवारी होत. त्यावरून "टोरोंटो म्हणजे रविवार" असं धरलंत तर लू थेझचा बडी रॉजर्सवरचा २४ जानेवारी १९६३ चा विजय खोटा ठरवून बसाल. तो गुरुवार होता, आणि त्या काळात टोरोंटोचा वार गुरुवारच होता. १५ मार्च १९५६ ला व्हिपर बिली वॉटसनने थेझला हरवलं तोही गुरुवार, १४ नोव्हेंबर १९५७ ला डिक हटनने हरवलं तोही गुरुवार. म्हणजे आधी त्या दशकातल्या किमान आठ-दहा खात्रीच्या तारखा घेऊन वार ठरवायचा, मग संशयित तारीख त्याला लावून बघायची. स्टेडियममधले मोठे खेळ आणि सणावाराचे खेळ या नियमात बसत नाहीत. डॅलसचा नेहमीचा वार शुक्रवार असला तरी केरी व्हॉन एरिकचा विजय जवळच्या आयर्व्हिंगमधल्या टेक्सास स्टेडियममध्ये रविवारी झाला.

दुसरी गोष्ट: वार जुळला म्हणून तारीख सिद्ध होत नाही. एक आठवडा मागची तारीखही त्याच वारी येते, आणि नेमकी सात दिवसांची चूक जुन्या याद्यांमध्ये भरपूर आहे. वार जुळला नाही तर संशय घ्यायचा, एवढंच.

छापील पुरावा

उतरत्या क्रमाने विश्वास ठेवायचा तो असा. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रातली निकालाची बातमी सगळ्यात वर. त्यानंतर त्याच सभागृहाच्या पुढच्या खेळाची कार्यक्रमपत्रिका, कारण तिच्यात मागच्या खेळाचे निकाल छापत. त्या रात्री दारात विकलेली पत्रिका आधीच छापलेली असते, ती निकालाचा पुरावा होऊ शकत नाही. मग मासिकं. मासिकाच्या मुखपृष्ठावरचा महिना विक्रीच्या महिन्याच्या पुढचा असतो आणि आतली बातमी त्याहून कितीतरी जुनी, म्हणून मासिकावरून तारीख कधीच घेऊ नका. छायाचित्र घ्या, मान्यतेचा उल्लेख घ्या. जाहिरात सगळ्यात खाली.

जाहिरातीवर किती विसंबायचं ते १९७३ च्या एका तारखेवरून कळतं. २ मार्चला ह्यूस्टनमध्ये डोरी फंक ज्युनियर विरुद्ध ब्रिस्को असा किताबाचा सामना ठरला होता. त्याआधी फंक ट्रकच्या अपघातात जखमी झाला आणि सामना झालाच नाही. किताब ब्रिस्कोकडे गेला तो चार महिन्यांहून जास्त काळ लोटल्यावर, मध्ये रेसची ५७ दिवसांची कारकीर्द होऊन. फक्त जाहिरातींवरून यादी करणारा इथे एक न झालेला बचाव (विजेत्याने किताब राखल्याचा सामना) तरी घुसवतो, नाहीतर ब्रिस्कोला साडेचार महिने आधीच विजेता करतो.

डिजिटल संग्रहात शोधताना विजेत्याच्या नावाने शोधू नका. जुन्या छपाईच्या यांत्रिक वाचनात थेझसारखं नाव दहा प्रकारे बिघडतं. सभागृहाचं नाव आणि 'रेसलिंग' हा शब्द रोमन लिपीत टाका, तारखेची मर्यादा सामन्याच्या आधी ७ दिवस ते नंतर ३ दिवस ठेवा, आणि क्रीडापानं डोळ्यांनी चाळा. निकाल बहुतेकदा पानाच्या तळाशी चार ओळींत असतो. शनिवारचा खेळ असेल तर रविवारचा आणि सोमवारचा, दोन्ही अंक बघा. न्यूझीलंडसाठी 'पेपर्स पास्ट', ऑस्ट्रेलियासाठी 'ट्रोव्ह' आणि सिंगापूरसाठी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'न्यूजपेपरएसजी' हे संग्रह घरबसल्या चाळता येतात. अमेरिकी वर्तमानपत्रांच्या बहुतेक मोठ्या संग्रहांना वर्गणी पडते. तेव्हा आधी वाराच्या चाळणीतून संशयित तारखांची यादी काढा आणि एका महिन्याच्या वर्गणीत ती सगळी उरका.

दहा वर्तमानपत्रांत एकच बातमी सापडली म्हणून दहा पुरावे झाले असं मानू नका. मजकूर शब्दशः सारखा असेल तर ती वृत्तसंस्थेची एकच तार आहे, म्हणजे पुरावा एक. दर्जा देताना मी साधी पद्धत सुचवेन: 'अ' म्हणजे स्थानिक निकालाची बातमी आणि शिवाय तिच्यापासून स्वतंत्र असा आणखी एक पुरावा, 'ब' म्हणजे यातलं एकच, 'क' म्हणजे केवळ जाहिरात, मासिक किंवा जुनी यादी. 'क' दर्जाची ओळ काढून टाकायची नाही, पण तिच्यावरून दिवसांचा हिशेबही मांडायचा नाही.

छायाचित्र असेल तर पट्टा बघा. मधोमध घुमटासारखा पृथ्वीचा गोल असलेला एनडब्ल्यूएचा प्रसिद्ध पट्टा २० जुलै १९७३ रोजी ह्यूस्टनला ब्रिस्कोशी सामना सुरू होण्याआधी मचनिकने रेसला दिला, आणि १९८६ च्या सुरुवातीपर्यंत तोच चालला. या पट्ट्यासह रेस दिसत असेल आणि खाली "मे १९७३" लिहिलं असेल तर ती ओळ नंतर कुणीतरी जोडली आहे.

निकाल नीट वाचा

"अमुकने विजेत्याला हरवलं" ही ओळ सापडली की उडी मारायची नाही. चार गोष्टी विचारा. सामना किताबासाठी होता का? टीव्हीवरचे आणि काही गावांतले सामने किताबाविना असत. विजय चितपट किंवा शरणागतीने झाला, की प्रतिस्पर्धी बाद ठरल्यामुळे? बाद ठरल्याने किंवा रिंगबाहेर मोजणी संपल्याने पट्टा सहसा जात नसे. निर्णय त्याच रात्री फिरवला गेला का? पंच बेशुद्ध पडतो, दुसरा पंच येऊन तीन मोजतो, सभागृह डोक्यावर घेतलं जातं, आणि मग पहिला पंच उठून सगळं रद्द करतो. हा प्रकार डस्टी ऱ्होड्सच्या नावाने ओळखला जातो. अशा रात्री घाईत छापलेल्या बातमीत नवा विजेता जाहीर झालेला सापडू शकतो, म्हणून पुढच्या आठवड्याचा अंक बघितल्याशिवाय ओळ पक्की करू नका.

चौथी गोष्ट फॉलची. १९६३ मध्ये टोरोंटोत थेझने रॉजर्सला एका फॉलच्या सामन्यात हरवलं. ईशान्येकडच्या प्रमोटरांनी ते मानलं नाही. किताबाचा सामना तीनपैकी दोन फॉलचाच असायला हवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी रॉजर्सला आपला विजेता मानलं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ ही वेगळी संघटना उभी केली, आणि १७ मे १९६३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनो सॅमार्टिनोने रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवलं. आजची डब्ल्यूडब्ल्यूई याच फांदीवर वाढली. व्यवसायाचं कारण वेगळं होतं हे उघड आहे, पण सबब फॉलची होती, आणि ती सबब नोंदवली नाही तर रॉजर्सच्या कारकिर्दीचा शेवट दोन ठिकाणी दोन प्रकारे का लिहिला जातो ते कुणालाच कळणार नाही. एनडब्ल्यूएच्या हिशेबात ती ३० जून १९६१ ते २४ जानेवारी १९६३, म्हणजे ५७३ दिवस.

मान्यता: कुणाच्या लेखी विजेता?

किताब संघटनेच्या मालकीचा होता, पैलवानाच्या नव्हे. विजेत्याकडून अनामत घेत. फ्लेअरच्या वेळी ती २५,००० डॉलर होती. म्हणून कुठल्या मुलखात काय जाहीर झालं याला किंमत आहे, पण शेवटचा शब्द बाकीच्या प्रमोटरांचा.

तपासायची पद्धत सरळ आहे. कथित बदलानंतरच्या ३० दिवसांत, त्या मुलखाशी संबंध नसलेली तीन गावं निवडा. तिथल्या जाहिराती आणि निकालांत 'जागतिक विजेता' म्हणून कुणाचं नाव छापलं आहे ते बघा. जायंट बाबाने २ डिसेंबर १९७४ ला कागोशिमात ब्रिस्कोला हरवलं आणि ९ डिसेंबरला तोयोहाशीत परत हरला. मध्ये फक्त सात दिवस होते, त्यामुळे ३० दिवसांची कसोटी इथे चालत नाही. अशा वेळी नंतरच्या पत्रिकांमध्ये माजी विजेत्यांची यादी आली आहे का, ती शोधायची. बाबाचे विजय एनडब्ल्यूएच्या यादीत आहेत. १९८२ मध्ये सांतो दोमिंगोत जॅक व्हेनेनोने आणि जानेवारी १९८३ मध्ये सान हुआनमध्ये कार्लोस कोलोनने फ्लेअरला हरवलं, ते मात्र एनडब्ल्यूएने मानले नाहीत. त्या देशांत ते विजेते म्हणूनच मिरवले. त्यांची ओळ तक्त्यात ठेवायची, "मान्यता: स्थानिक" असं लिहून.

सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण १९५७ चं. १४ जून रोजी शिकागोत एद्वार कारपाँतिएविरुद्ध थेझ पाठीच्या दुखापतीचं कारण देऊन तिसरा फॉल लढू शकला नाही आणि निकाल कारपाँतिएच्या बाजूने गेला. पुढे कारपाँतिएचा माँट्रियलचा प्रमोटर एडी क्विन संघटनेतून बाहेर पडला आणि एनडब्ल्यूएने थेझची कारकीर्द अखंड चालू असल्याचं ठरवलं. पण कारपाँतिएचा दावा मेला नाही. १९५८ मध्ये ओमाहात व्हर्न गान्या, त्याच वर्षी बॉस्टनला किलर कोवाल्स्की आणि १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रेड ब्लासी यांनी त्याला हरवलं, आणि तीन ठिकाणी तीन वेगळे 'जागतिक' किताब सुरू झाले. इथे एका तक्त्यात सगळं कोंबू नका. एनडब्ल्यूएचा तक्ता वेगळा, आणि फुटून निघालेल्या प्रत्येक दाव्याचा वेगळा, मूळ तक्त्यातल्या ओळीचा संदर्भ देऊन.

वेलिंग्टनची तारीखही अजून डगमगते. २० मार्च आणि २१ मार्च, दोन्ही याद्यांमध्ये फिरतात. आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे असं झालं, हे स्पष्टीकरण ऐकायला छान आहे, पण गणित करून बघा. वेलिंग्टनला रात्रीचे ८ वाजले तर सेंट लुईसला त्याच तारखेचे पहाटेचे २ वाजलेले असतात. तारीख बदलत नाही. म्हणून वाररेषेला दोष न देता त्या आठवड्याची न्यूझीलंडची वर्तमानपत्रं बघायची.

दिवसांचा हिशेब

शेवटच्या तारखेतून पहिली वजा करा, बस. दोन्ही टोकं धरून मोजलंत तर हरलेला आणि जिंकलेला, दोघांच्या खात्यात तो एकच दिवस जातो. चूक पकडायला बेरीज हे उत्तम साधन आहे. फेब्रुवारी १९६९ ते ऑगस्ट १९७९ ची साखळी घ्या: डोरी फंक १५६३, रेस ५७, ब्रिस्को ५००, बाबा ७, ब्रिस्को ३६६, टेरी फंक ४२४, रेस ९२६. बेरीज ३८४३. आता ११ फेब्रुवारी १९६९ ते २१ ऑगस्ट १९७९ थेट मोजा: ३८४३. दोन्ही आकडे जुळले म्हणजे मधली एकही तारीख सुटलेली नाही आणि कुठेही दोन कारकिर्दी एकमेकींवर चढलेल्या नाहीत. टोकं धरून मोजणाऱ्याची बेरीज ३८५० येईल, सात कारकिर्दींचे सात दिवस जास्त. मधला एखादा सामना एका मुलखात 'क' दर्जाचा असेल तर ही बेरीज तो बरोबर की चूक ते सांगू शकत नाही. ती फक्त हिशेब तपासते, इतिहास तपासत नाही.

लीप वर्ष विसरू नका. ब्रिस्कोची दुसरी कारकीर्द ९ डिसेंबर १९७४ ते १० डिसेंबर १९७५, म्हणजे ३६५ अधिक १. टेरी फंकच्या ४२४ मध्ये मात्र २९ फेब्रुवारी १९७६ आहे.

बचावाचे सामने

कारकिर्दीत किताब किती वेळा राखला, याचा नेमका आकडा बहुतेक वेळा मिळत नाही. जे मिळतं ते मुलूखवार वेळापत्रक. विजेता एका मुलखात आला की तिथल्या गावांच्या वारांप्रमाणे फिरे. फ्लोरिडात सोमवारी वेस्ट पाम बीच, मंगळवारी टॅम्पा, बुधवारी मायामी बीच, गुरुवारी जॅक्सनव्हिल असा फेरा असे. एका गावचा निकाल सापडला की शेजारच्या वारांची गावं तपासा, बऱ्याचदा अख्खा आठवडा सापडतो. एकाच रात्री दोन लांबच्या गावांत विजेत्याची जाहिरात दिसली तर एका ठिकाणी तो आलाच नव्हता. रविवारचा अपवाद: दुपारी एक गाव, रात्री दुसरं, हे होत असे. टीव्हीवर दिसलेला सामना त्या दिवशी झाला असं धरू नका. तो आधी चित्रित होई, आणि टेपा एका केंद्राकडून दुसऱ्याकडे फिरत, त्यामुळे लांबच्या केंद्रावर तो आठवड्यांनी उशिरा लागे.

मुलखाचे स्वतःचे किताब

यांची नोंद जागतिक किताबाहून कठीण. एकच नाव अनेक ठिकाणी चाले. 'युनायटेड स्टेट्स हेवीवेट' हा किताब सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को, डेट्रॉइट आणि कॅरोलिनांच्या मुलखात एकाच वेळी होता, आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. नावापुढे मुलूख लिहिल्याशिवाय ओळ भरू नका. पैलवान मुलूख सोडून गेला की किताब रिकामा होई, कधी निकाल वादात पडला म्हणून रोखून ठेवला जाई, कधी काढून घेतला जाई. या तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि तिघींत कारकीर्द वेगळ्या तारखेला संपते. कागदावरच झालेले बदलही असतात. सप्टेंबर १९७९ मध्ये पॅट पॅटरसनने रिओ दी जानेरोत स्पर्धा जिंकून डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आधीची डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ) इंटरकाँटिनेंटल किताब मिळवला असं जाहीर झालं, पण ती स्पर्धा झालीच नव्हती. परदेशातली स्पर्धा, तारीख मोघम, हरलेल्याचं नाव नाही, स्थानिक बातमी नाही: ही चार लक्षणं एकत्र दिसली की 'निकाल कसा लागला' या रकान्यात "जाहीर केलेला, सामना नाही" असं लिहा.

मुंबई, मे १९६८

दारा सिंग यांनी २९ मे १९६८ रोजी मुंबईत लू थेझला हरवलं आणि ते विश्वविजेते झाले, ही ओळ मराठीत असंख्य ठिकाणी आहे. वरच्या पद्धतीने ती लावून बघा. त्या दिवशी एनडब्ल्यूएचा विजेता जीन किनिस्की होता. त्याने ७ जानेवारी १९६६ ला सेंट लुईसमध्ये थेझकडूनच किताब घेतला आणि ११ फेब्रुवारी १९६९ पर्यंत राखला. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफकडे सॅमार्टिनो होता, मिनियापोलिसच्या एडब्ल्यूए या संघटनेकडे व्हर्न गान्या. म्हणजे दारा सिंग यांचा विजय एका माजी विश्वविजेत्यावरचा होता, आणि तोही साध्यासुध्या नाही: थेझची २७ नोव्हेंबर १९४९ ते १५ मार्च १९५६ ही कारकीर्द २३०० दिवसांची. सामना मोठाच होता, पण अमेरिकेतली यातली एकही साखळी मुंबईतून जात नाही. ओळ लिहायची ती अशी: विजेता दारा सिंग, पराभूत लू थेझ, गाव मुंबई, मान्यता स्थानिक, एनडब्ल्यूएच्या तक्त्याशी संबंध नाही. 'लोकसत्ता' आणि 'महाराष्ट्र टाइम्स' दोन्ही तेव्हा निघत होते. ३० आणि ३१ मेचे अंक जिथे बघायला मिळतील तिथे निकालाच्या बातमीत किताबाचं नेमकं नाव काय छापलं होतं ते शब्दशः उतरवून घ्या, कारण या ओळीचा 'पुरावा' रकाना त्याच शब्दांनी भरायचा आहे.

विवादित ओळीला क्रमांक

मान्य कारकिर्दींना १, २, ३ असे क्रमांक द्या. विवादित ओळींना आकडा देऊ नका, 'वि' अक्षर द्या आणि तारखेच्या जागी मध्ये बसवा. उद्या मान्यता बदलली तर पुढचे सगळे क्रमांक हलवावे लागत नाहीत. फ्लेअरची ती साखळी मग दोन प्रकारे वाचता येते. त्या वेळच्या मान्यतेप्रमाणे: २४ नोव्हेंबर १९८३ ग्रीन्सबरो ते ६ मे १९८४ आयर्व्हिंग, १६४ दिवस, एक कारकीर्द. नंतरच्या मान्यतेप्रमाणे, २० मार्च धरली तर: फ्लेअर ११७ दिवस, रेस ३, फ्लेअर ४४. २१ मार्च धरली तर ११८, २, ४४. तिन्ही बेरजा १६४ येतात. रेसपुढे लिहायचं "७, वेलिंग्टन धरून ८", आणि शेजारी त्या ओळीचा 'वि' क्रमांक.